घशाचे दुखणे हृदयापर्यंत

बॉबी डॅरिन म्हटले की जुन्या पाश्चात्त्य संगीताच्या चाहत्यांना १९५९ चे ‘मॅक द नाइफ’ आठवते. न्यूयॉर्कमध्ये १९३६ साली गरिबीत जन्मलेल्या या गायकाला आठव्या वर्षापासून ऱ्हुमॅटिक तापाने वारंवार गाठले. स्ट्रेप्टोकॉकस जंतूंनी दुखणारा घसा बहुधा बरा होतो. क्वचित एखाद्या मुलाची प्रतिकारशक्तीच दोन-तीन आठवड्यांनी त्याच्या सांध्यांवर आणि हृदयाच्या झडपांवर उलटते. पेनिसिलिन तेव्हा सर्वसामान्यांच्या हाती आले नव्हते. मुलगा सोळा वर्षेही जगणार नाही, हे डॉक्टरांचे बोलणे त्याच्या कानी पडले होते म्हणतात. त्याची पुढची घाई त्यातूनच आली असावी. २२ व्या वर्षी ‘स्प्लिश स्प्लॅश’ गाजले, २७ व्या वर्षी अभिनयासाठी ऑस्करचे नामांकन मिळाले. १९७१ मध्ये हृदयात दोन कृत्रिम झडपा बसविण्यात आल्या. अशा रुग्णाने दातांच्या उपचारांपूर्वी प्रतिजैविके घ्यायची असतात. १९७३ मध्ये नेमकी तीच राहिली आणि रक्तात जंतुसंसर्ग पसरला. २० डिसेंबर रोजी, झडपांवरील शस्त्रक्रियेनंतर, वयाच्या ३७ व्या वर्षी त्याचे निधन झाले. इच्छेनुसार देह वैद्यकीय संशोधनासाठी देण्यात आला.