काचेतल्या पेशी

डॉ. कमल रणदिवे पुण्याच्या, माहेरच्या समर्थ, जन्म १९१७. वडील फर्ग्युसनमध्ये जीवशास्त्राचे प्राध्यापक. मुलीने डॉक्टर व्हावे, डॉक्टरशीच लग्न करावे, ही त्यांची इच्छा. कमलाबाईंनी पेशीविज्ञान निवडले आणि लग्न केले गणितज्ञाशी! मुंबईत डॉ. खानोलकरांच्या हाताखाली संशोधन करून १९४९ मध्ये त्यांनी पीएच.डी. मिळविली. पुढे अमेरिकेत जॉर्ज गे यांच्याकडे, शरीराबाहेर काचपात्रात जिवंत पेशी वाढविण्याचे तंत्र शिकल्या. परत येऊन मुंबईच्या कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. उंदरांवरील प्रयोगांतून स्तनाचा कर्करोग व आनुवंशिकता यांचा संबंध तपासला. आज मेंदूतील गाठीच्या पेशीही अशाच वाढवून, कोणत्या औषधाने त्या मरतात, हे पाहतात. कवटीच्या आत ते वारंवार कसे पाहणार?

घरात कॉलेजची पायरी प्रथम मीच चढले. सूक्ष्मदर्शक पाहिला तो शाळेच्या कुलूपबंद कपाटात. म्हणून बाईंचे उत्तरायुष्य मला अधिक जवळचे वाटते. १९८२ मध्ये पद्मभूषण मिळालेल्या या बाई आपल्या शेजारच्या अकोले तालुक्यात, राजूरला गेल्या. आदिवासी मुलांच्या पोषणाची त्यांनी पाहणी केली, गावच्या बायकांना आरोग्यसेविकेचे काम शिकविले. २००१ मध्ये त्या वारल्या.