भिंगे घासणारा तत्त्वज्ञ : स्पिनोझा

बालमित्रांनो, घरी एक भाषा, शाळेत दुसरी, रस्त्यावर तिसरी, ही कसरत तुम्हाला चांगलीच ठाऊक आहे. जवळजवळ चारशे वर्षांपूर्वी ॲमस्टरडॅममध्ये असाच एक मुलगा वाढला. त्याचे नाव स्पिनोझा. जन्म २४ नोव्हेंबर १६३२. धर्मछळामुळे पोर्तुगाल सोडून आलेल्या ज्यू कुटुंबांपैकी त्याचे एक. घरात पोर्तुगीज, शाळेत हिब्रू आणि बाहेर डच. पुढे ग्रंथ लिहिले ते लॅटिनमध्ये!

वडील सुक्या मेव्याचे व्यापारी होते. १६५४ साली ते वारल्यावर स्पिनोझा भावाबरोबर पेढी पाहू लागला. पण देव, निसर्ग आणि माणूस यांविषयी त्याचे विचार समाजाला मानवले नाहीत. १६५६ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्याला वाळीत टाकण्यात आले. व्यापारही सुटला.

मग पोट कशावर भरायचे? त्याने भिंगे घासण्याचे काम पत्करले. वाटीसारख्या साच्यात काच ठेवून, बारीक पूड घालून, ती तासन्‌तास घासायची आणि शेवटी झिलई द्यायची. गोलाई जरा चुकली की चित्र अंधूक. सूक्ष्मदर्शक आणि दुर्बिणी यांसाठी त्याची भिंगे नावाजली गेली. शनीचा चंद्र शोधणाऱ्या हॉयगेन्सनेही ती वाखाणली. पैसा बेताचा, पण काम शांतपणे करण्याजोगे, आणि उरलेला वेळ स्वतःचा.

त्याच्या राहणीच्या गोष्टी कोलेरूस या चरित्रकाराने लिहून ठेवल्या आहेत. एखादा दिवस लोणी घातलेल्या दुधाच्या सूपवर, तर दुसरा मनुका घातलेल्या लापशीवर निघे. दर तिमाहीला तो हिशेब जुळवी. वडिलांच्या मालमत्तेवरून बहिणींशी वाद झाला, तो त्याने कोर्टात जिंकला आणि मग एक पलंग तेवढा ठेवून सारे त्यांना देऊन टाकले. एका श्रीमंत मित्राने २००० गिल्डर देऊ केले, ते नाकारले. त्याच मित्राच्या मृत्यूनंतर वर्षाला ५०० गिल्डर मिळायचे होते. ३०० पुरतील म्हणून त्याने तेवढेच घेतले!

खरी परीक्षा १६७३ साली झाली. जर्मनीतील हायडेलबर्ग विद्यापीठाने त्याला प्राध्यापकपद देऊ केले. मान, पगार, स्थैर्य, सगळे एकदम. विचारस्वातंत्र्याचेही आश्वासन होते, मात्र प्रस्थापित धर्माला धक्का लावू नये ही अपेक्षाही होती. काही आठवडे विचार करून त्याने नम्रपणे नकार कळवला. शिकवण्यात लिखाणाचा वेळ गेला असता आणि स्वातंत्र्याची मर्यादा कुठे संपते तेही स्पष्ट नव्हते.

हेगमधल्या एका चित्रकाराच्या घरी खोली घेऊन तो राहत होता. तिथेच २१ फेब्रुवारी १६७७ रोजी, अवघ्या ४४व्या वर्षी, फुफ्फुसाच्या विकाराने तो गेला. काचेच्या धुळीने तो विकार बळावला असावा. म्हणजे शांत दिसणाऱ्या कामाचीही किंमत होतीच. मागे राहिली सुमारे १६० पुस्तके, थोडे सामान आणि 'एथिक्स' या ग्रंथाचे हस्तलिखित. मित्रांनी ते त्याच वर्षी छापले. आज जगभर ते अभ्यासले जाते.

आम्ही संगणकाच्या व्यवसायातली माणसे. नोकरी बदलताना पगाराचा आकडा आधी पाहतो. आम्हाला मुलेबाळे आहेत, घराचे हप्ते आहेत. स्पिनोझा एकटा होता. त्याची नक्कल आम्हाला जमणार नाही, आणि करूही नये. पण ५०० मिळत असताना ३०० वर थांबण्यासाठी आपल्याला किती पुरते हे आधी ठाऊक असावे लागते. तो हिशेब आमच्यापैकी किती जणांनी केला आहे?

मुलांनो, या आठवड्याचा गृहपाठ : जेवताना आईबाबांना हा प्रश्न मराठीतून विचारा, आणि उत्तर वहीत लिहून आणा.