विल्यम ऑगस्टस ब्रेव्होर्ट कूलिज

विल्यम ऑगस्टस ब्रेव्होर्ट कूलिज (जन्म : २८ ऑगस्ट १८५०, न्यू यॉर्क, अमेरिका, मृत्यू : ८ मे १९२६, ग्रिंडेलवाल्ड, स्वित्झर्लंड) हे अमेरिकेत जन्मलेले गिर्यारोहक, धर्मोपदेशक आणि आल्प्स पर्वताचे इतिहासकार होते. आल्प्समधील अनेक शिखरांवरील पहिल्या चढाया त्यांच्या नावावर आहेत. भर हिवाळ्यात उंच शिखरे चढण्याची प्रथा रुजविणाऱ्या आरंभीच्या गिर्यारोहकांमध्ये त्यांची गणना होते. बर्फावर चालण्याचे आणि चढण्याचे बहुतेक शिक्षण त्यांना ग्रिंडेलवाल्ड येथील वाटाडे ख्रिस्तियान आल्मर यांच्याकडून मिळाले. या गुरुशिष्यांचा सहवास सुमारे सतरा वर्षांचा होता.

बालपण आणि आल्प्सशी परिचय

कूलिज यांचे वडील व्यापारी होते. आईचे माहेरचे आडनाव ब्रेव्होर्ट होते. लहानपणापासून कूलिज यांची प्रकृती नाजूक असे. त्यांच्या संगोपनाची जबाबदारी प्रामुख्याने त्यांची मावशी मार्गारेट, म्हणजेच मेटा ब्रेव्होर्ट (१८२५–१८७६), यांनी उचलली. हवापालट व्हावा या हेतूने मावशीने त्यांना युरोपात आणले आणि १८६५ पासून दोघे उन्हाळ्यात आल्प्सच्या परिसरात राहू लागले. मेटा यांना पर्वतांचे विलक्षण वेड होते. ज्या मुलाला प्रकृतीसाठी जपावे लागत होते, तोच मावशीच्या मागोमाग हिमनद्यांवर चालू लागला.

आरंभी शामोनी येथील वाटाडे फ्रांस्वा देव्हुआसू यांच्यासोबत त्यांनी अनेक खिंडी ओलांडल्या. २७ जुलै १८६७ रोजी देव्हुआसू बंधूंच्या साहाय्याने कूलिज स्वित्झर्लंड-इटली सीमेवरील पित्स बादिले या शिखरावर पोहोचले. या शिखरावरील ती पहिलीच चढाई होती. कूलिज यांना त्या वेळी वयाची सतरा वर्षेही पूर्ण झालेली नव्हती.

ख्रिस्तियान आल्मर यांची भेट

ख्रिस्तियान आल्मर (१८२६–१८९८) हे ग्रिंडेलवाल्डचे रहिवासी होते. तरुणपणी ते मेंढपाळ होते आणि चीज बनविण्याचे कामही करीत. १८५४ मध्ये आल्फ्रेड विल्स या इंग्रज गृहस्थांची तुकडी वेटरहॉर्न चढत असताना आल्मर आपल्या एका नातेवाइकासह स्वतंत्रपणे त्याच शिखराकडे निघाले. शिखरावर गावाची खूण म्हणून रोवण्यासाठी देवदाराचे लहानसे झाड त्यांनी पाठीवर बांधून नेले होते. दोन्ही तुकड्यांनी अखेर एकमेकांशी समेट करून चढाई पूर्ण केली. पुढे १८५७ मध्ये म्योंख आणि १८५८ मध्ये आयगर या शिखरांच्या पहिल्या चढायांत आल्मर यांचा सहभाग होता. १८६४ मध्ये बार दे झेक्रां व १८६५ मध्ये एग्वी व्हेर्त येथील पहिल्या चढायांत ते एडवर्ड व्हिंपर यांचे वाटाडे होते.

१८६८ च्या उन्हाळ्यात आल्मर हे मावशी-भाच्यांचे प्रमुख वाटाडे झाले. त्याच वर्षी जुलै महिन्यात कूलिज यांचा आयगर चढण्याचा प्रयत्न फसला. खिन्न झालेल्या या तरुणाच्या समाधानासाठी आल्मर यांनी आपली चिंगेल नावाची कुत्री त्यांना भेट दिली. आल्मर यांनी ती १८६५ मध्ये चिंगेल खिंड ओलांडताना सोबत नेली होती व त्यावरूनच तिचे नाव पडले होते. पुढील काही वर्षे चिंगेल मालकाबरोबर दोराला बांधून हिमनद्या ओलांडीत असे. तिने अनेक मोठी शिखरे सर केली व १८७५ मध्ये ती माँ ब्लांच्या माथ्यावरही पोहोचली. मावशी, भाचा आणि कुत्री हे त्रिकूट त्या काळच्या आल्प्समध्ये सर्वपरिचित झाले होते.

वाटाड्याच्या हाताखालील शिक्षण

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गिर्यारोहणाच्या शाळा नव्हत्या. शिकू इच्छिणाऱ्याने वाटाड्याच्या मागे दोराला बांधून घ्यायचे आणि तो करतो ते पाहायचे, हीच रीत होती. वाटाडे बहुधा शेतकरी, गुराखी किंवा शिकारी असत. त्यांचे ज्ञान ग्रंथांत नव्हते. ते पावलांत आणि हातांत होते. उतार पाहून चालीचा वेग ठरविणे, बर्फकुऱ्हाडीने कठीण बर्फात पायऱ्या खोदणे, कुऱ्हाडीचा दांडा बर्फात खुपसून खाली भेग आहे का याचा अदमास घेणे, दोर सैल न पडू देता अंतर राखणे आणि कोणत्या क्षणी माघारी फिरायचे हे ओळखणे, या गोष्टी अशा सहवासातूनच अंगवळणी पडत.

प्रत्येक वाटाड्याजवळ एक नोंदवही असे. मोहीम संपल्यावर प्रवासी तीत आपला अभिप्राय लिहीत आणि वाटाड्याची पत त्यावर अवलंबून असे. आल्मर यांची १८५६ ते १८९४ या काळातील नोंदवही हुबेहूब प्रतिकृतीच्या रूपात प्रसिद्ध झाली असून आल्प्सच्या इतिहासाचे ते एक महत्त्वाचे साधन मानले जाते.

कूलिज हे स्वभावतः अभ्यासक होते. वाटाड्याकडून मिळालेली माहिती ते टिपून ठेवीत, जुन्या नकाशांशी ताडून पाहत आणि गावकऱ्यांत रूढ असलेल्या नावांची शहानिशा करीत. आल्मर यांच्या अनुभवाला कूलिज यांच्या लेखणीची जोड मिळाल्याने एरवी लोपून गेले असते असे बरेचसे ज्ञान टिकून राहिले.

हिवाळी चढाया

त्या काळी आल्प्समधील गिर्यारोहणाचा हंगाम उन्हाळ्यापुरता मर्यादित होता. हिवाळ्यात दिवस लहान असतो, सावलीच्या दऱ्यांत भुसभुशीत बर्फ कमरेपर्यंत साचतो, हिमलोटांचे भय असते आणि थंडीने हातापायांची बोटे झडण्याचा धोका राहतो. उलट कित्येकदा हिवाळ्यातील हवा दिवसेंदिवस निरभ्र राहते, उंचावर दऱ्यांपेक्षा उबदार ऊन मिळते आणि कडाक्याच्या थंडीने दगड गोठून राहिल्यामुळे ते कोसळण्याचे प्रमाण घटते. हे फायदे स्थानिक वाटाड्यांना ठाऊक होते; मात्र त्यांचा उपयोग करून घेणारे प्रवासी थोडे होते. डिसेंबर १८६६ मध्ये ए. डब्ल्यू. मूर व होरेस वॉकर यांनी ग्रिंडेलवाल्डजवळच्या दोन उंच खिंडी ओलांडल्या, त्या वेळी सोबत असलेल्या वाटाड्यांत आल्मर होते.

जानेवारी १८७४ मध्ये मेटा ब्रेव्होर्ट आणि कूलिज आल्मर यांच्या नेतृत्वाखाली प्रथम वेटरहॉर्न (३,६९२ मीटर) आणि त्यानंतर काही दिवसांतच युंगफ्राउ (४,१५८ मीटर) या शिखरांवर पोहोचले. या दोन्ही शिखरांवरील त्या पहिल्या हिवाळी चढाया होत. त्या वेळी आल्मर सत्तेचाळीस वर्षांचे, मेटा अठ्ठेचाळीस वर्षांच्या आणि कूलिज तेवीस वर्षांचे होते. जानेवारी १८७९ मध्ये कूलिज यांनी आल्मर यांच्यासमवेत श्रेकहॉर्न (४,०७८ मीटर) या अवघड शिखराची पहिली हिवाळी चढाई पूर्ण केली. उंच शिखरे हिवाळ्यातही सुरक्षितपणे चढता येतात, हे या मोहिमांमुळे सिद्ध झाले. त्या काळी आल्प्समध्ये स्कीचा वापर सुरू झालेला नव्हता. बर्फ तुडवीत वाट काढण्याचे सर्व कष्ट पायीच घ्यावे लागत.

या यशाची किंमत प्रामुख्याने वाटाड्याला मोजावी लागे. पुढे जाऊन बर्फ फोडायचे काम त्याचे, पायऱ्या खोदताना थांबून राहण्याची वेळही त्याचीच. पुढील काळात युंगफ्राउच्या एका हिवाळी मोहिमेत हिमदंशामुळे आल्मर यांना पायाची बोटे गमवावी लागली. त्यानंतर कूलिज यांच्या मोहिमांत वाटाड्याची जबाबदारी आल्मर यांचे त्याच नावाचे चिरंजीव सांभाळू लागले.

दोफिनेमधील कार्य आणि मावशीचे निधन

फ्रान्समधील दोफिने हा त्या काळी फारसा ज्ञात नसलेला पर्वतीय प्रदेश कूलिज यांचे विशेष कार्यक्षेत्र होता. १८७० मध्ये मेटा, कूलिज आणि आल्मर यांनी ला मेज पर्वताचे मधले शिखर प्रथम सर केले. त्याच हंगामात कूलिज यांनी एलफ्रुआद शिखरावरही पहिली चढाई केली. ला मेजचे सर्वोच्च टोक मात्र त्यांना हुलकावणी देत राहिले. ते आपल्याला प्रथम गाठता यावे, ही मेटा यांची फार दिवसांची आकांक्षा होती.

१८५७ मध्ये लंडन येथे स्थापन झालेल्या अल्पाइन क्लबमध्ये स्त्रियांना प्रवेश नव्हता. त्यामुळे बीट्शहॉर्नच्या चढाईवर मेटा यांनी लिहिलेला लेख क्लबच्या नियतकालिकात भाच्याच्या नावाने छापला गेला. डिसेंबर १८७६ मध्ये मेटा यांचे निधन झाले. पुढच्याच उन्हाळ्यात फ्रेंच गिर्यारोहक बुआलो द कास्तेल्नो यांनी वाटाडे प्येर गास्पार यांच्या साहाय्याने ला मेजचे सर्वोच्च टोक गाठले. मावशीचे अपुरे राहिलेले स्वप्न पुरे करण्यासाठी कूलिज १८७८ मध्ये आल्मर यांच्यासह त्या शिखरावर गेले. दोफिनेमधील पिक कूलिज आणि पॉइंट ब्रेव्होर्ट ही शिखरे या दोघांच्या नावाने ओळखली जातात.

अध्यापन आणि ग्रंथलेखन

कूलिज यांचे उच्च शिक्षण ऑक्सफर्ड येथे झाले. १८७५ मध्ये ते तेथील मॅग्डालेन कॉलेजचे फेलो झाले. काही काळ त्यांनी वेल्समधील लँपीटर येथे इतिहासाचे अध्यापन केले. १८८३ मध्ये त्यांना अँग्लिकन चर्चची धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली. १८८० ते १८८९ या काळात अल्पाइन क्लबच्या नियतकालिकाचे संपादन त्यांच्याकडे होते. मार्टिन कॉनवे यांच्या सहकार्याने त्यांनी गिर्यारोहकांसाठी खिशात मावतील अशा मार्गदर्शक पुस्तकांची माला संपादित केली. आल्प्समधील प्रवासाच्या आरंभीच्या इतिहासावर त्यांनी १९०४ मध्ये फ्रेंच भाषेत बृहद्ग्रंथ प्रसिद्ध केला. १९०८ मध्ये निसर्ग आणि इतिहास या दोन्ही अंगांनी आल्प्सचे वर्णन करणारा त्यांचा इंग्रजी ग्रंथ प्रकाशित झाला. एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाच्या अकराव्या आवृत्तीतील स्वित्झर्लंडविषयक बहुसंख्य नोंदी त्यांच्या आहेत.

आल्मरच्या उडीचा वाद

काटेकोरपणाच्या आग्रहामुळे कूलिज यांचे अनेकांशी खटके उडाले. त्यांपैकी सर्वाधिक गाजलेला वाद आल्मर यांच्याशीच निगडित आहे. १८७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात व्हिंपर यांनी एक चित्र दिले होते. बार दे झेक्रांवरून उतरताना आल्मर धारेतील खिंडार एका उडीत ओलांडीत आहेत, असे त्यात दाखविले होते. आल्मर यांनी अशी उडी कधी मारलीच नाही, असे कूलिज यांचे प्रतिपादन होते. त्याच मोहिमेत सहभागी असलेल्या मूर यांच्या वृत्तांतातही त्या उडीचा उल्लेख नाही. व्हिंपर आपल्या कथनावर ठाम राहिले व त्यांनी १९०० मध्ये क्लबच्या सदस्यांना उद्देशून पत्रक काढले. १८९८ मध्ये आल्मर यांचे निधन झालेले असल्याने प्रत्यक्ष उडी मारणाऱ्याची साक्ष मिळणे शक्य नव्हते. कूलिज यांनी १८९९ मध्ये क्लबचे सदस्यत्व सोडले. चित्रातील धाडस पाहणाऱ्याला भव्य वाटते. सावधपणासाठी ख्यात असलेल्या वाटाड्याच्या दृष्टीने मात्र तो त्याच्या कौशल्याचा विपर्यास ठरू शकतो. या वादामागे केवळ एका तपशिलाचा प्रश्न नव्हता, तर आपल्या शिक्षकाविषयी पुढील पिढ्या काय वाचतील हा प्रश्न होता.

अखेरचा काळ आणि वारसा

१८९६ मध्ये आल्मर यांनी आपल्या विवाहाच्या पन्नासाव्या वर्षी पत्नीसह वेटरहॉर्नची चढाई केली. त्या वेळी पतिपत्नी दोघेही सत्तरीच्या घरात होते. त्याच सुमारास कूलिज ऑक्सफर्ड सोडून ग्रिंडेलवाल्ड येथे कायमचे स्थायिक झाले. तेथे आपल्या प्रचंड ग्रंथसंग्रहात ते अखेरपर्यंत कार्यरत राहिले. उतारवयात चढाया थांबल्या, तरी आल्प्सविषयीच्या शंका घेऊन दूरदूरचे अभ्यासक त्यांच्याशी पत्रव्यवहार करीत. ग्रिंडेलवाल्डचा ज्ञानी पुरुष अशी त्यांची ख्याती होती. अखेरच्या वर्षांत अल्पाइन क्लबने सन्माननीय सदस्यत्व देऊन त्यांचा पुन्हा गौरव केला. ८ मे १९२६ रोजी ग्रिंडेलवाल्ड येथेच त्यांचे निधन झाले.

प्रशिक्षित वाटाड्याच्या मागे चालत हिवाळी बर्फावरील कौशल्ये आत्मसात करण्याची पद्धत आज आल्प्समध्ये सर्वत्र प्रचलित आहे. आता तिला संस्था, परीक्षा आणि प्रमाणपत्रे यांची जोड मिळाली आहे. कूलिज यांच्या वेळी केवळ एक दोर, एक बर्फकुऱ्हाड आणि पुढे चालणारा अनुभवी माणूस एवढाच आधार होता. पुढे चालणाऱ्या त्या माणसाचे नाव आपल्या नावाइतकेच इतिहासात टिकावे यासाठी कूलिज यांनी आयुष्यभर लेखणी झिजविली. आल्प्सच्या इतिहासात ख्रिस्तियान आल्मर यांना जे स्थान लाभले आहे, त्याचे मोठे श्रेय त्यांच्या या शिष्याला जाते.