डेव्हिड वेक्सलर : मोठ्यांची बुद्धी मोजणारा माणूस

मुलांच्या शाळेमुळे 'आय. क्यू.' हा शब्द आपल्या कानावर येतच असतो. पण मोठ्या माणसाची बुद्धी कशी मोजायची? या प्रश्नापायी ज्यांनी आयुष्य घातलं ते डेव्हिड वेक्सलर आपल्यासारखेच बाहेरून आलेले. रुमानियातल्या लेस्पेझी गावी १८९६ साली एका ज्यू घरात त्यांचा जन्म झाला, आणि सहा वर्षांचे असताना ते घरच्यांबरोबर न्यूयॉर्कला आले. सिटी कॉलेज, मग कोलंबिया विद्यापीठ, आणि तेवढ्यात पहिलं महायुद्ध.

सैन्यात त्यांना जवानांच्या बुद्धिमापन चाचण्यांचं काम मिळालं. त्यात ओक्लाहोमाचा एक जवान होता. चाचणीप्रमाणे त्याचं मानसिक वय जेमतेम आठ वर्षं! पण हा गडी भरती होण्यापूर्वी तेलविहिरी खणण्यात तरबेज होता, चांगला पगार घेऊन कुटुंब पोसत होता. आठ वर्षांच्या पोराला हे जमेल का? वेक्सलर यांच्या मनात हे उदाहरण पक्कं बसलं.

त्या वेळची पद्धत मुळात मुलांसाठी होती. मानसिक वयाला खऱ्या वयाने भागायचं आणि शंभराने गुणायचं. दहा वर्षांच्या मुलाने बारा वर्षांच्या मुलाइतकी उत्तरं दिली की १२०. पण बुद्धी काही वयाबरोबर जन्मभर वाढत नाही. चाळिशीतल्या माणसाचं मानसिक वय सोळा धरलं तर उत्तर येतं ४०. आम्हा इंजिनिअर लोकांच्या भाषेत सांगायचं तर छेदच चुकलेला!

१९३२ साली वेक्सलर न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात मुख्य मानसशास्त्रज्ञ झाले. तिथे सगळ्या थरांतले रुग्ण येत, अनेकांचं इंग्रजी बेताचंच. १९३९ साली त्यांनी स्वतःची चाचणी काढली. तिच्यात भागाकार नव्हता. प्रत्येकाची तुलना त्याच्याच वयाच्या लोकांशी करायची, सरासरी १०० धरायची. सुमारे दोन-तृतीयांश लोक ८५ ते ११५ मध्ये बसतात. शिवाय एकूण अकरा उपचाचण्यांचे दोन गट केले. एकात शब्दार्थ, सामान्यज्ञान, गणित. दुसऱ्यात रंगीत ठोकळे जुळवणं, चित्रातली उणीव ओळखणं अशी हातानं करायची कामं. भाषा कच्ची असलेल्या माणसाला इथे निदान संधी तरी मिळाली. (अर्थात चित्रंही कुठल्यातरी संस्कृतीचीच असतात, हे विसरून चालणार नाही.)

वय वाढतं तसा वेग मंदावतो, पण शब्दसंग्रह बराच काळ टिकतो, हेही या दोन गटांमुळे ठळकपणे दिसलं. चिकाटी, उमेद, भीती यांचाही बुद्धीच्या वापरावर परिणाम होतो, असं वेक्सलर सतत मांडत राहिले. चाचणीत मात्र त्यांना वेगळा रकाना कधी मिळाला नाही. मला हे त्यांचं अपुरं राहिलेलं काम वाटतं.

१९४९ मध्ये मुलांसाठी आणि १९५५ मध्ये प्रौढांसाठी त्यांच्या नव्या चाचण्या आल्या. १९६७ पर्यंत ते बेलव्ह्यूमध्ये होते. १९८१ साली न्यूयॉर्कमध्ये त्यांचं निधन झालं. २००८ च्या आवृत्तीत ते दोन गट जाऊन चार आले, आणि २०२४ मध्ये प्रौढांच्या चाचणीची पाचवी आवृत्ती निघाली. तिच्यावर नाव अजून त्यांचंच आहे.