जॉन बॅकस : वाटांचा अंदाज

आम्हां कलाशाखीयांना संगणकाचे वावडे. पण जॉन बॅकस हे गृहस्थ मला आपल्यातलेच वाटतात. जन्म १९२४, फिलाडेल्फिया. वर्गात बसणे जमेना, म्हणून व्हर्जिनिया विद्यापीठ सुटले. वैद्यकीही अर्धवट राहिली. रेडिओदुरुस्ती शिकताना मात्र गणिताची गोडी लागली. १९५० मध्ये ते आयबीएममध्ये लागले.

१९५७ साली त्यांच्या चमूने 'फोरट्रान' ही भाषा व तिचा कंपायलर, म्हणजे सूत्रांच्या यंत्राज्ञा करणारा दुभाषा, सिद्ध केला. कार्यक्रमात 'असे असेल तर इकडे, नाहीतर तिकडे' असे फाटे असतात. वर्दळीची वाट आधी कळली, तर तिथले आकडे हाताशी ठेवता येतात. दादरचा फूलवाला झेंडू ठेवतो तसे. आयबीएम ७०४ मध्ये निर्देशांकांचे कप्पे तीनच! म्हणून कंपायलर लिहिणाऱ्यालाच फाट्यांचा अंदाज विचारी. त्यावरून फासे टाकल्यासारखी कार्यक्रमाची लुटुपुटीची फेरी मारून पाही. हा भाग लॉइस हेब्ट या तरुणीचा. तिचे नाव क्वचितच घेतात.

१९६४ साली कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सीडीसी ३६०० आला. त्यावरही फोरट्रानच चाले. अंदाज विचारण्याची सोय पुढे गळाली. १९९३ मध्ये बॉल व लॅरस यांनी साधे ठोकताळेच कंपायलरला दिले : आवर्तन बहुधा पुन्हा फिरेल, वगैरे.

१९७७ चा ट्युरिंग पुरस्कार घेताना बॅकस यांनी फोरट्रानच्याच वळणाच्या भाषांवर कडाडून टीका केली. २००७ मध्ये ते वारले.