नृत्यतपस्विनी बालसरस्वती

एखाद्या विद्येस समाजात वाईट दिवस आले म्हणजे तिच्यावर दोन संकटे ओढवतात. ज्यांच्या घरी ती पिढ्यान्‌पिढ्या नांदली, ते लोक लाजेने तिला टाकू लागतात. आणि ज्यांस ती पुढे हवीशी वाटते, ते तिला उचलून नेताना तिच्या जुन्या घराचा विसर पडू देतात. दक्षिणेतील स्त्रियांच्या नृत्यविद्येवर ही दोन्ही संकटे एकाच काळी आली. त्या काळात आपल्या घरची विद्या घरच्या नावासह ताठ मानेने सांभाळणारी आणि जो कोणी श्रद्धेने मागेल त्यास ती शिकविणारी थोर स्त्री म्हणजे बालसरस्वती होय.

त्यांचा जन्म १३ मे १९१८ रोजी मद्रास शहरी, म्हणजे आजच्या चेन्नईत झाला. त्यांच्या पूर्वजा तंजावरच्या राजदरबारी गायन व नृत्य करीत असत. तंजावरचे नाव निघताच मराठी वाचकास आपलेपणा वाटावा, हे साहजिकच आहे. कारण तेथे भोसले कुळातील राजे पावणेदोनशे वर्षांच्या सुमारास राज्य करीत होते. त्यांतील दुसरे सरफोजी महाराज (राज्यकाल १७९८ ते १८३२) ह्यांनी नृत्यासाठी मराठी भाषेत पदरचना केली. त्यांच्याच दरबारात चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् व वडिवेलु हे चार बंधू होते. अलारिप्पूपासून तिल्लानापर्यंत नृत्याच्या कार्यक्रमाचा जो क्रम आज सर्वत्र पाळला जातो, तो बसविण्याचे श्रेय ह्या बंधूंस देतात.

बालसरस्वतींची आजी वीणा धनम्माळ ही त्या काळची विख्यात वीणावादिका. शुक्रवारी सायंकाळी तिच्या घरी जाणत्या रसिकांची बैठक जमे. आई जयम्माळ उत्तम गायिका होती. अशा घरात बोलणे येण्यापूर्वीच सूर कानी पडावेत, ह्यात नवल नाही. परंतु त्या घरात गाणे असले, तरी नाच मागे पडला होता. आजीने किंवा आईने रंगभूमीवर नृत्य केलेले नव्हते.

ह्याचे कारण समजून घेतले पाहिजे. देवळांत मुली वाहण्याची चाल त्या वेळी दक्षिणेत रूढ होती. आपल्याकडे कोकण-गोव्यातील भाविणींची चाल पुष्कळांस ऐकून ठाऊक असेल. तिच्याच जातीची ती होती. ह्या चालीपायी कित्येक मुलींच्या आयुष्याची धूळधाण झाली, हे नाकारता येणार नाही. १८९० नंतरच्या दशकात मद्रासकडे ख्रिस्ती मिशनरी व हिंदी समाजसुधारक ह्यांनी तिच्याविरुद्ध चळवळ उभारली. पुढे डॉक्टर मुथुलक्ष्मी रेड्डी ह्यांनी कायदेमंडळात झुंज दिली, आणि १९४७ साली मद्रास इलाख्यात मुली वाहण्यास कायद्याने बंदी झाली. दुष्ट चाल गेली हे योग्यच झाले. पण तिच्याबरोबर त्या स्त्रियांची कलाही लोकांनी अपवित्र ठरविली. भल्या घरी नाचाचे नाव काढणेसुद्धा लाजिरवाणे होऊन बसले.

अशा दिवसांत लहानग्या बालाने नाचाचा ध्यास घेतला. मैलापूरच्या देवळात सेवा करणाऱ्या गौरी अम्माळ ह्यांचे नृत्य तिने पाहिले होते. त्याने तिचे मन वेधून घेतले. नातलगांनी विरोध केला. परंतु आईने मुलीची ओढ ओळखली आणि तिला कंदप्प पिळ्ळै ह्यांच्या हाती सोपविले. कंदप्प हे तंजावरच्या त्या चार बंधूंच्याच घराण्यातील नट्टुवनार, म्हणजे नृत्य शिकविणारे व झांजेच्या ठोक्यावर बोल म्हणून ते चालविणारे गुरू. त्यांची शिस्त फार कडक होती. एकेक पदन्यास निर्दोष साधेपर्यंत पुढचा पाठ मिळत नसे. १९२५ साली वयाच्या सातव्या वर्षी कांचीपुरम् येथील कामाक्षीदेवीच्या मंदिरात बालेचे पहिले नृत्य झाले. १९३४ साली कलकत्त्यास तिने नृत्य केले, तेव्हा दक्षिणेतील ही विद्या तिकडच्या रसिकांस पाहावयास मिळाली. सुप्रसिद्ध नर्तक उदयशंकर हेही तिच्या कलेचे चाहते झाले.

परंतु यशापाठोपाठ हलाखीही आली. १९३८ साली आजी निवर्तली. त्यानंतर काही वर्षांतच गुरूही गेले. बालसरस्वतींची प्रकृती बिघडली. त्याच काळात भल्या घरच्या मुली भरतनाट्यम् ह्या नावाने ही कला शिकू लागल्या होत्या. श्रीमती रुक्मिणीदेवी अरुंडेल ह्यांनी १९३६ साली अड्यार येथे स्थापलेल्या संस्थेने, जी पुढे कलाक्षेत्र म्हणून गाजली, ह्या कार्यास मोठीच चालना दिली. नृत्याचा मान वाढला. मात्र ज्या घराण्यांनी ते जतन केले, त्यांच्या स्त्रियांना बोलावणी येईनाशी झाली.

दोघींचा मतभेदही येथेच होता. नृत्यातील शृंगाराची पदे कमी करून ते शुद्ध करावे, असे रुक्मिणीदेवींस वाटे. बालसरस्वतींचे मत असे की, मुळात जे शुद्धच आहे त्यास नव्याने शुद्ध काय करावयाचे? जीवाची ईश्वराविषयीची ओढच शृंगाराच्या रूपाने पदांत प्रकट होते. अशुद्धता असलीच तर ती पाहणाराच्या किंवा नाचणाराच्या मनात असते. रुक्मिणीदेवींचे उपकार मोठे आहेत, हे खरे. तथापि ज्या घराण्यांस समाजाने दूर लोटले, त्यांच्या वतीने हे उत्तर कोणीतरी देणे अवश्य होते, आणि ते देण्याचा अधिकार बालसरस्वतींइतका दुसऱ्या कोणास होता?

मद्रासची म्युझिक अकॅडमी व तिचे चिटणीस, संस्कृत पंडित डॉक्टर वे. राघवन् ह्यांनी त्यांस हात दिला. १९५३ साली अकॅडमीच्या आश्रयाने त्यांची नृत्यशाळा सुरू झाली. गुरूंचे पुत्र गणेशन् हे पुढे त्यांचे नट्टुवनार झाले, आणि गुरूचे ऋण असे त्या घराण्यातच फिटले. त्यांच्या शिकवणीचे मर्म एकच होते: नृत्य म्हणजे दिसणारे संगीत. ज्यास गाणे कळत नाही त्यास अभिनय साधणार नाही, अशी त्यांची धारणा असे. त्या स्वतः नाचता नाचता गात. यशोदा बाळकृष्णास हाक मारीत आहे, अशा अर्थाच्या एका कानडी पदात त्या एकाच ओळीवर कितीतरी निराळे भाव दाखवीत. तरी प्रत्येक वेळी ते नवेच वाटत. संपूर्ण कार्यक्रमास त्या मंदिराची उपमा देत. अलारिप्पू हे गोपुर. त्यातून मंडपांमागून मंडप ओलांडीत वर्णम्‌च्या वेळी गाभाऱ्याशी पोहोचावयाचे, पदांच्या वेळी देवाच्या निकट निवांत व्हावयाचे, आणि शेवटी तिल्लाना म्हणजे कापुरारती. आधीची एकही पायरी गाळता येत नाही, हा धडा त्या शिष्यांच्या मनावर अशा रीतीने बिंबवीत.

पुढे मानसन्मान चालून आले. १९५५ साली संगीत नाटक अकादमीचे पारितोषिक, १९५७ साली पद्मभूषण व १९७७ साली पद्मविभूषण त्यांस लाभले. १९७३ साली म्युझिक अकॅडमीने त्यांस संगीत कलानिधी ही पदवी दिली. ती गायक-वादकांची पदवी एका नर्तकीस प्रथमच मिळाली. १९६२ पासून अमेरिकेत त्यांची नृत्ये झाली. तेथील वेस्लियन विद्यापीठात त्यांनी अध्यापन केले. १९७६ साली सत्यजित राय ह्यांनी त्यांच्यावर चित्रपट काढला. ९ फेब्रुवारी १९८४ रोजी त्यांचे देहावसान झाले. त्यांची कन्या लक्ष्मी हिने आईची विद्या पुढे चालविली.

विद्यार्थी बंधुभगिनींनो, समाजातील दोष नाहीसे करणे हे पुण्यकर्म आहे. परंतु दोष काढताना माणसांचा व त्यांच्या गुणांचा अव्हेर होऊ न देणे, हेही तितकेच पुण्यकर्म आहे. बालसरस्वतींनी आपल्या घराण्याची लाज कधी बाळगली नाही. ज्या विद्येला लोक नावे ठेवीत, ती त्यांनी नित्य साधनेने इतकी उज्ज्वल केली की, नावे ठेवणारांनीच अखेर पदव्या अर्पण केल्या. आपल्याही घरी आजीच्या ओव्या असतील, वडिलांच्या हातची कारागिरी असेल. तिची लाज वाटू लागेल त्या दिवशी ह्या मद्रासच्या मुलीची आठवण करावी, आणि आजीपाशी बसून एक तरी ओवी शिकून घ्यावी.