आजचे चिंतन : जगाची आई आणि सावित्रीमाई



आज गीतेच्या नवव्या अध्यायातला सतरावा श्लोक वाचनात आला. भगवंत तिथे सांगतात की या जगाचा बाप मी, आई मी, सांभाळणाराही मीच. लहानपणापासून ऐकलेला श्लोक, पण आज अडखळलो. देव सगळ्यांची आई असेल, तर एखादं लेकरू अनाथ कसं काय होतं? अडखळायचं कारण आमच्या जळकोटचं आहे, ते पुढे सांगतो. आधी सावित्रीबाई फुले.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो. जोतीराव-सावित्रीबाईंनी आपल्या पोथ्यांना फार कठोर प्रश्न विचारले. त्यांना ओढून आपल्या दिंडीत उभं करायचं नाहीये. पण हा श्लोक जगून कुणी दाखवला, असं विचाराल तर मला त्याच आठवतात.

जन्म 3 जानेवारी 1831, सातारा जिल्ह्यातलं नायगाव. 1840 साली लग्न, 1848 साली पुण्यात मुलींची शाळा. इथवर आपल्याला पुस्तकात असतं. पुढचं कमी सांगितलं जातं.

पुण्यात काशीबाई नावाची एक ब्राह्मण विधवा होती. जोतीरावांचे स्नेही गोवंडे यांच्या घरी स्वयंपाक करायची. एका माणसाने तिला फसवलं, दिवस गेले, बाळ झालं. लोकलाजेपायी तिने ते मारून विहिरीत टाकलं. खटला चालला आणि तिला काळ्या पाण्याची शिक्षा झाली. फसवणारा मोकळाच राहिला. म्हणजे बघा, बाळ पोटात असताना त्या दोघांकडे कुणी पाहिलं नाही. कोर्टाने पाहिलं, पण तेव्हा बाळ उरलं नव्हतं.

जोतीराव आणि सावित्रीबाईंनी 1863 साली स्वतःच्या घरातच बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. गुपचूप या, बाळंत व्हा, बाळ न्या किंवा इथे ठेवा, असं सांगणाऱ्या जाहिराती भिंतींवर लावल्या. 1884 सालापर्यंत 35 विधवा तिथे आल्या. त्यांची पाचच लेकरं जगली, कारण बऱ्याच जणींनी आधीच विषारी औषधं घेतलेली असायची. तरी दार बंद झालं नाही.

त्या काळी सरकारकडे पोरक्या मुलांसाठी काय होतं? 1850 चा एक कायदा. त्यात अनाथ मुलं आणि किरकोळ गुन्ह्यात सापडलेली मुलं, दोघांनाही कुणा कारागिराकडे कामाला बांधून द्यायची सोय होती. आई-बाप नसणं आणि गुन्हा करणं, कायद्याच्या वहीत शेजारी-शेजारी!

सावित्रीबाईंनी वेगळी वही उघडली. स्वतःला मूल नव्हतं. 1874 साली गृहात आलेल्या दुसऱ्या एका काशीबाईचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला. यशवंत नाव ठेवलं, शिकवून डॉक्टर केलं. 28 नोव्हेंबर 1890 ला जोतीराव गेले. अंत्ययात्रेत पुढे मडकं कुणी धरायचं यावर नात्यातले लोक अडून बसले, दत्तक मुलाला हा हक्क नाही म्हणे. तेव्हा सावित्रीबाईंनी स्वतः मडकं धरलं आणि पुढे चालल्या.

1897 साली पुण्यात प्लेग आला. यशवंत हडपसरच्या बाजूला रोग्यांवर उपचार करायचे. सावित्रीबाईंनी मुंढव्याचं एक आजारी लेकरू पाठीवर घालून तिथे आणलं. त्यातच त्यांना लागण झाली, आणि 10 मार्चला त्या गेल्या. पाठीवरचं लेकरूही परक्याचंच होतं.

आता जळकोट. तुळजापूर तालुक्यातलं, सोलापूर-हैदराबाद महामार्गावरचं आमचं गाव. माझ्या वर्गातला एक मुलगा आई-बापाविना चुलत्याकडे राहायचा. पंधराव्या वर्षी तो आणि दुसरा एक मुलगा मोबाईल चोरल्याच्या प्रकरणात सापडले. दोघांचं काम एकच. दुसऱ्याचे आई-बाप धावत गेले, तो लगेच घरी आला. याचा चुलता गेलाच नाही. हा कित्येक महिने निरीक्षणगृहात राहिला.

कायदा खरं तर असं म्हणत नाही. 2015 च्या बाल न्याय कायद्यात, मुलाला जामीन देताना एखाद्या योग्य व्यक्तीच्या देखरेखीखाली सोडता येतं. ती व्यक्ती रक्ताच्या नात्यातलीच हवी असं नाही. पण अशी व्यक्ती पुढे तर आली पाहिजे ना! आमची आज्जी जाते म्हणाली होती. घरात सगळ्यांनी तिला थांबवलं, नसती झंझट कशाला म्हणून. मीही गप्प बसलो, माझी परीक्षा होती. आज तो कुठे आहे, मला माहीत नाही. त्याच्या चोरीबद्दल मी गावात बरंच ऐकलं, माझ्या गप्प बसण्याबद्दल मला कुणी काही विचारलं नाही.

म्हणून आज श्लोक वाचताना वाटलं, देव आई आहे हे खरंच. पण त्या आईला कोर्टाच्या पायरीवर उभं राहायला कुणाचे तरी पाय लागतात. आज्जी द्यायला निघाली होती, मी अडवले.

आजचा संकल्प छोटा आहे. तुमच्या नात्यात, सोसायटीत, गावाकडे काका-मामाकडे राहणारं एखादं पोरकं लेकरू असेल. या आठवड्यात त्याला फोन करा. सांभाळणाऱ्या घराला बालसंगोपन योजनेची माहिती द्या, ती आज सावित्रीबाईंच्याच नावाने चालते. अडचण मोठी असेल तर 1098 वर कळवा. आणि ते लेकरू चुकलं, तर पहिल्या दिवशी त्याच्याकडे जा.

तेवढा जप आज माळेवाचून करू.

राम कृष्ण हरी 🙏